ओल भिंतीत होती

माझं माहेर सांगोल्याच्या बाजूचं. तिथं पाऊस आला तर आला, नाहीतर पुढच्या वर्षी. बुरशी कशी असते ते लग्न होऊन काळेवाडीला येईपर्यंत मी नीट पाहिलंही नव्हतं. आमच्याकडे उरलेली भाकरी वाळून खापरासारखी व्हायची, तिला बुरा धरायला सवडच मिळायची नाही. आईनं माळ्यावर ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत नवीन कैऱ्या बाजारात आल्या तरी फोडी शिल्लक असायच्या.

माझं लग्न झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. हे पिंपरीला औषधाच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना नवा, कामगार गावोगावचे, आणि राहायला जागा म्हणाल तर मिळेल ती. पवनेच्या या काठाला, काळेवाडीत एका शेतकऱ्यानं आपल्या घराला जोडून दोन खोल्या काढल्या होत्या. त्या आम्हाला मिळाल्या. मंगलोरी कौलं, सारवलेली जमीन, बाहेरची खोली बसाउठायला आणि आतली स्वयंपाकाची. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून मालकांचा गोठा होता. खोल्या पाहायला गेलो तेव्हा उन्हाळा होता. भिंती पांढऱ्याशुभ्र दिसल्या. मला घर आवडलं.

पहिल्या पावसाळ्यातच घर बिघडायला लागलं. नागपंचमीला नेसायला म्हणून ट्रंकेतून लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, तर घडीच्या कडेनं पिठासारखं काही लागलेलं. झटकलं तर त्याखाली डाग. यांच्या चपला दाराशी चार दिवस तशाच राहिल्या, त्यांना हिरवी लव आली. पाटाच्या खालच्या अंगाला, मसाल्याच्या लाकडी डब्याला, देवाच्या तसबिरीच्या काचेआड, सगळीकडे काळे-पांढरे ठिपके. पापड एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला. घरात शिरलं की एक कुबट वास यायचा. बाहेरून येणारा माणूस नाक ओढून घेई आणि काही न बोलता बसे. मी पुसत राहिले. पुसलेलं पुन्हा येत राहिलं.

दुसऱ्या वर्षी आमची मुलगी झाली. सासरे नुकतेच वारले होते, म्हणून सासूबाई फलटणजवळचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. बाई कामाला वाघ होती. उठल्यापासून निजेपर्यंत हात थांबायचा नाही, आणि जे करतील ते नेटकं. त्यांच्या हातच्या लोणच्याचं गावात नाव होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला कैऱ्या चिरूसुद्धा दिल्या नाहीत. स्वतः फोडी केल्या, स्वतः मोहरी फेसली, तेल कडकडवून थंड करून वरून ओतलं, बरणीला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला आणि ती आतल्या खोलीत मागच्या भिंतीशी असलेल्या फडताळात ठेवली.

श्रावण संपता संपता माझी नणंद आणि तिचा नवरा चाकणहून आले. जेवणं वाढली. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "थांबा, लोणचं काढते." त्यांनी दादरा सोडला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी वाकून पाहिलं. तेलावर पिंजलेल्या कापसासारखा जाड थर आला होता, कडेला हिरवट झाला होता, आणि वास असा की जेवणाऱ्यांनी घास हातात धरले.

आत्याबाईंनी बरणी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"तू बाजूला असताना हात लावलास?"

आमच्यात तेव्हा पाळी आली की बाईनं चार दिवस बाजूला बसायचं. स्वयंपाकघर नाही, देव नाही, पाणी नाही. त्या दिवसांत लोणच्यावर सावली जरी पडली तरी ते नासतं, असं सगळ्या बायका मानत. माझी आईसुद्धा मानत होती. पण मी हात लावला नव्हता.

"नाही लावला."

"मग आपोआप झालं?"

"मला माहीत नाही कसं झालं. मी हात लावला नाही."

नणंदेचा नवरा कौलांकडे बघत बसला. हे मान खाली घालून भात कालवत होते. आत्याबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझ्या हातचं लोणचं आजवर कधी नासलं नाही. इतका संसार केला, एक बरणी फुकट गेली नाही. आता या घरात नवीन काय आहे, तेवढं सांग मला."

"घर नवीन आहे, आत्याबाई," मी म्हणाले.

सासूला असं उत्तर द्यायची पद्धत नव्हती. नणंद म्हणाली, "वहिनी, गप बस." मी गप बसले, पण बोललेले शब्द मागे घेतले नाहीत. यांनी तेव्हा एक शब्द काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मला फडताळाला हात लावायची बंदी झाली. तूप, पीठ, डाळी, काहीही हवं असलं तरी आत्याबाईंना सांगायचं. शेजारपाजारच्या बायकांत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. वाळवणं घातली असली आणि मी जवळून गेले की कुणीतरी सुपानं झाकून घेई. माझ्या तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

बाजूला बसायची माझी जागा म्हणजे आतल्या खोलीचा मागचा कोपरा. खाली पोतं, त्यावर जुनी घोंगडी. मुलगी अंगावर पीत होती, म्हणून ती माझ्याजवळच. दर वेळी ते चार दिवस संपत आले की तिला खोकला व्हायचा. छाती घरघरायची. आत्याबाई म्हणायच्या, दात येतायत. दात आले, चालायला लागली, तरी खोकला तसाच.

त्या कोपऱ्यात मला दुसरं काही करायला नव्हतं. तांदूळ निवडायचे नाहीत, भांड्याला शिवायचं नाही. बसून भिंत बघायची. आणि बघता बघता मला ती भिंत कळायला लागली. तिच्यापलीकडे म्हैस अंग घासायची ते ऐकू यायचं. सकाळी घरमालकीण गोठा धुवायची, घागरीमागून घागरी ओतायची, तेव्हा पाणी भिंतीच्या बुडाशी येऊन थांबल्याचा आवाज यायचा. पुढे जाताना ऐकू यायचं नाही. थोड्या वेळानं मी तळवा भिंतीला लावला की तळवा ओला व्हायचा. जमिनीपासून माझ्या बसल्या खांद्यापर्यंत भिंतीचा रंग गडद होता, त्याच्या वर फिका. गडद भागातच गिलाव्याला पोपडे आले होते आणि गडद भागातच ठिपके होते. मी चुलीतला कोळसा मागून घेतला आणि त्या सीमेवर रेघ ओढली. पुढच्या महिन्यात बसले तेव्हा ओल रेघेच्या वर गेली होती. फडताळाची खालची फळी तिच्यात बुडाली होती. त्याच फळीवर आत्याबाईंची बरणी होती.

मी आत्याबाईंना ती रेघ दाखवली.

"भिंत काय आज ओली झाली?" त्या म्हणाल्या. "ओल सगळ्यांच्या घरात असते. लोणचं सगळ्यांचं नासतं का?"

"सगळ्यांच्या भिंतीमागं गोठा नसतो."

"तोंड फार सुटलंय तुझं."

सुटलं होतं खरं. बाजूला बसून बसून ते सुटलं होतं.

आधी मला वाटलं, घासून काढली तर जाईल. एका उघडिपीच्या दिवशी पदर खोचला, कलथ्यानं पोपडे खरवडले, धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून भिंत घासली, कपडे उन्हात टाकले, ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घातला. गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद घालून धुरी दिली. वरून चुन्याचा हात मारला. संध्याकाळी खोली अशी दिसत होती की मी मुलीला घेऊन उगीच आत-बाहेर करत राहिले. आठवडा गेला नसेल, चुन्यातून काळे ठिपके वर आले. पहिल्यापेक्षा जास्त. मी पुन्हा घासलं. ते पुन्हा आले. तेव्हा समजलं की मी वरवरचं पुसत होते आणि भिंत आतून पाणी पीत होती.

यांना मी बुरशीचं विचारलं. हे फारसं बोलणारे नव्हते, पण कारखान्यातल्या कामाबद्दल विचारलं की खुलायचे.

"आम्ही तिथं बुरशीच वाढवतो," हे म्हणाले. "मोठमोठ्या टाक्यांत. तिच्यातून औषध निघतं. तिला गोड पाणी लागतं, ऊब लागते. जरा कमी पडलं की रुसते."

"आणि पाणीच नसलं तर?"

"पाणी नसलं तर कशावर वाढणार?"

"मग हे आत्याबाईंना सांगा."

हे म्हणाले, "तिला वाईट वाटेल. आत्ताच बाबा गेलेत."

"मला वाटत नाही का वाईट?"

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आत्याबाईंनी ओळखलं, पण त्यांनीही विचारलं नाही. एका घरात तिघं गप्प आणि मधे पोरगी खोकतेय, असे ते दिवस होते.

मग मी घरमालकिणीकडे गेले. तिला मी मावशी म्हणायची. अंगानं दांडगी, कपाळावर आडवं कुंकू, गोठ्यापासून शेतापर्यंत सगळा कारभार तिच्या हातात. मालक सज्जन माणूस, पण बायकोला विचारल्याशिवाय विडीही पेटवायचा नाही. मावशी धार काढत होती.

"मावशी, गोठ्याचं पाणी आमच्या भिंतीत मुरतंय. ते दुसरीकडे काढा."

तिनं मान वर केली नाही. "म्हशी आमच्या आदीपास्नं हायत. तुमी मागनं आलात."

"म्हशी राहू द्या की. त्यांचं पाणी माझ्या लेकीच्या अंथरुणात येतंय, ते सांगतेय मी."

"पावसाळ्यात कुनाच्या घरात वल न्हाई?"

"माझ्या माहेरी नाही."

"मंग ऱ्हा जाऊन माह्येरी," मावशी म्हणाली आणि धारेची चरवी घेऊन उठली.

मी तिथंच उभी राहिले. "माहेरी जाणार नाही. पाणी काढल्याशिवाय इथून हलणारही नाही. तुम्ही काढलं नाहीत तर मी काढीन."

ती हसली. तिला वाटलं, ही लेकुरवाळी काय काढतेय.

मी पावसाळा जाऊ दिला, थंडी जाऊ दिली. शिमगा झाला, जमीन वाळली. मग एका सकाळी मालकांकडून, मावशी शेतात असताना, कुदळ आणि घमेलं मागून आणलं. मालकांना वाटलं चुलीसाठी माती हवी असेल. गोठ्याच्या अंगानं, भिंतीपासून थोडं अंतर सोडून मी चर खणायला घेतला. मला खणायची सवय होती. माहेरी आम्ही पोरी बांधबंदिस्तीच्या कामावर गेलेल्या होतो. पण तिथं चार जणी गाणं म्हणत खणायच्या, इथं मी एकटी. बायका दारात येऊन बघत होत्या. आत्याबाई मुलीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. "लोक काय म्हणतील," एवढंच त्या म्हणाल्या.

"जे म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं," मी म्हणाले.

त्या दिवशी यांची सुट्टी होती. हे नदीवरून अंघोळ करून आले तेव्हा मी गुडघाभर चरात होते. हे थांबले. सगळ्या बायका आता यांच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता हे मला आत बोलावणार. यांनी ओला पंचा दोरीवर टाकला, धोतर वर खोचलं आणि हात पुढे केला. "कुदळ दे. तू माती उचल."

मी घमेलं घेतलं.

मावशी शेतातून आली तेव्हा निम्मा चर झाला होता. कमरेवर हात ठेवून ती कडेला उभी राहिली.

"कुनाला इचारून खनतीस?"

"कुणालाच नाही."

"जागा कुनाची हाय?"

"तुमची. भाडं देतो ते कोरड्या घराचं देतो, डबक्याचं नाही."

मावशीचा चेहरा लाल झाला. मालक मधे पडायला आले, तिनं त्यांना नजरेनंच मागं सारलं. मग मी तिला चराचं तोंड दाखवलं. भिंतीकडून उतार काढून चर थेट तिच्या वांग्याच्या वाफ्यापर्यंत न्यायचा असं मी आधीच ठरवलं होतं. त्या वाफ्याला ती रोज घागरीनं पाणी घालायची.

"गोठ्याचं पाणी आपल्या पायानं वांग्याला जाईल," मी म्हणाले. "शेणमुतासकट."

मावशी वाफ्याकडे बघत राहिली. चराकडे बघितलं. मग खाली वाकली, चराच्या बुडातली माती हातात घेऊन पाहिली आणि यांना म्हणाली, "भाऊ, हितं उतार कमी पडतोय. आनकी खोल घ्या. आनी तळाला गोटं टाका, न्हाईतर पयल्या पावसात भरून यील." आणि मालकांना म्हणाली, "बघताय काय, नदीवरनं गोटं आना की गाडी जुंपून."

तळाला नदीचे गोटे पडले. गोठ्यात भिंतीकडे झुकलेली जमीन मुरूम टाकून, ठोकून उलट्या उताराची केली. भिंतीला टेकून रचलेली वैरण मावशीनं स्वतःहून हलवली. तिच्यामागं भिंत काळीभोर होती, आणि ती बघून मावशी पहिल्यांदा म्हणाली, "व्हय गं बाई, लईच वल हाय की."

आतून मी सगळा गिलावा पाडला, खालच्या विटांपर्यंत. वैशाखभर भिंत तशीच उघडी ठेवली. धूळ पडायची, आत्याबाई रोज कुरकुरायच्या, आलेगेले विचारायचे की घर पाडताय का. मी म्हणायची, वाळवतेय. विटा काळ्या होत्या त्या हळूहळू तांबड्या झाल्या, त्यांच्यावर मिठासारखा लोणा फुलला, तो मी रोज केरसुणीनं झाडून बाहेर टाकला. वरच्या बाजूला मालकांनी पहारीनं दोन-चार विटा काढून झरोका केला. त्या खोलीत हवा अशी कधी खेळलीच नव्हती. चुलीचा धूरही बाहेर जायला लागला. मग नवा गिलावा आणि त्यावर मोरचूद घातलेला चुना. मोरचूद मालकांच्या घरात होतं, बियाण्याला चोळायला आणलेलं. पोरीला त्या दिवशी मी घराबाहेर ठेवली, कारण ते विषारी. भिंतीला निळसर झाक आली. फडताळ मी पुढच्या भिंतीला हलवलं आणि खाली विटा देऊन उचललं, म्हणजे त्याच्या मागून-खालून वारा जाईल.

इतकं झालं तरी माझ्यावरचा ठपका होता तिथंच होता. भिंत कोरडी झाली म्हणून कुणी म्हणालं नाही की चूक भिंतीची होती.

कैऱ्या आल्या. आत्याबाईंनी बरणी धुऊन उन्हात ठेवली, फोडी केल्या, लोणचं घातलं, दादरा बांधला. मी लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाळी आली. आत्याबाईंनी पोतं कोपऱ्यात अंथरलं, रीतीप्रमाणे. मी पोतं गुंडाळलं आणि बाहेर दोरीवर टाकलं.

"हे काय?"

"मी कोपऱ्यात बसणार नाही, आत्याबाई. आता नाही आणि पुढंही नाही. माझी पोरगी त्या कोपऱ्यात आजारी पडलीय. आणि उरलेल्या कैऱ्यांचं लोणचं मी घालणार आहे. आज."

मी विळी मांडली आणि बसले. आत्याबाई बघतच राहिल्या. मला धरून उठवावं तर त्यांना मला शिवता येत नव्हतं. त्यांनी यांना हाक मारली. हे कारखान्याला निघायच्या बेतात होते, एक पाय सायकलच्या पायडलवर.

"बघ तुझी बायको काय करतेय. तू काय म्हणतोस?"

हे सायकल भिंतीला टेकवून आत आले. माझ्याकडे बघितलं, विळीकडे, कैऱ्यांकडे. मला वाटलं, पुन्हा ताटाकडे बघितल्यासारखे खाली बघत बसतील.

"आई, बुरशी ओलीनं येते," हे म्हणाले. "बाईनं येत नाही. मी रोज तिच्यातच काम करतो."

"तुझी बाई चुकली नाही, मग मी चुकले?"

"तूही चुकली नाहीस. भिंत ओली होती." आणि मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, आईला म्हणाले, "तिला घालू दे लोणचं."

आत्याबाईंनी दुपारी गाठोडं बांधलं आणि चाकणला लेकीकडे गेल्या. जाताना मुलीचा मुका घेतला, माझ्याशी बोलल्या नाहीत. मी तेव्हा रडले. पण कैऱ्यांना मीठ चोळतच रडले. मीठ मी नेहमीपेक्षा थोडं जास्तच घातलं, तेल फोडींवर चार बोटं वर राहील इतकं ओतलं, आणि दोन्ही बरण्या एका फळीवर शेजारी ठेवल्या. आत्याबाईंच्या बरणीच्या दादऱ्याला लाल दोरा होता, माझ्या पांढरा.

पाळीत लोणचं घातलं हे मावशीला मी सांगून टाकलं, लपवलं नाही. तिच्यामार्फत सगळ्या वस्तीला कळेल, हे ठाऊक होतं, तेच मला हवं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आमाला कुठलं बसायला मिळतंय चार दिस? म्हशी कोन पिळनार? इतकी वर्सं पिळतीया, दूध न्हाई नासलं कदी." आणि लगेच इकडेतिकडे बघून म्हणाली, "हे कुनाला बोलू नगंस पर." मी बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

त्या वर्षी पाऊस फार झाला. पवना काठ सोडून वर आली, हे वळसा घालून कारखान्याला जात. मी रोज सकाळी भिंतीला तळवा लावून बघायची. बुडाशी भिंत गार लागायची, ओली नाही. गोठ्याचं पाणी गोट्यांवरून वाजत वांग्यांकडे जायचं. एकदा मात्र वरच्या कोपऱ्यात ठिपके दिसले. नीट पाहिलं तर तिथलं कौल सरकलं होतं. यांनी शिडी लावून बसवलं, मी सोडा-पाण्यानं जागा पुसली, शेगडी खाली ठेवून कोरडी केली. डाग पुन्हा आला नाही. तेव्हापासून मी ठिपके दिसले की आधी फडकं घेत नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधते. आता पुनावळ्याला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहते, तिथंही रंगारी आला की मी त्याला आधी नळाची पाइप बघायला लावते. तो मनातून चिडतो. चिडू दे.

मुलीचा खोकला त्या पावसाळ्यात आला नाही. आत्याबाईंना नातीशिवाय राहवेना, नवरात्राच्या आधी त्या परत आल्या. मी पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. घरात पाऊल ठेवल्याबरोबर त्या थांबल्या आणि नाक ओढलं, पाहुणे ओढायचे तसं. वास नव्हता. हात लांब करून त्यांनी भिंत चाचपली.

दसऱ्याला मी दोन्ही बरण्या त्यांच्यापुढे आणून ठेवल्या आणि म्हणाले, "तुम्हीच उघडा." आधी त्यांनी आपली उघडली. लोणचं लाल, तेल स्वच्छ, मोहरीचा खमंग वास. त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. मग बराच वेळ त्या माझ्या बरणीच्या पांढऱ्या दोऱ्याकडे बघत बसल्या. सोडेनात. शेवटी मीच सोडला. आतलं तेल त्यांच्यासारखंच स्वच्छ होतं. फोडी टणक होत्या.

मावशी सोनं द्यायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "दे गं मला दोन फोडी, तुझ्यातल्या." आत्याबाईंसमोर मी तिला वाटीत घातल्या. तिनं तिथंच एक तोंडात टाकली, बोट चाटलं आणि वाटी पुन्हा पुढे केली.

आत्याबाई त्या दिवशी आपल्याच बरणीतलं जेवल्या. दुसऱ्या दिवशीही. पुढे कित्येक महिने. मी आग्रह केला नाही. कोपऱ्यात मी पुन्हा बसले नाही आणि त्यांनी पुन्हा पोतं अंथरलं नाही. माझ्या त्या दिवसांत त्या स्वतः चूल पेटवायच्या, मी बाकीचं सगळं करायची. ती तडजोड ना त्यांनी मागितली, ना मी. फडताळाला हात लावायची बंदीही कधी उठली असं झालं नाही. एक दिवस स्वयंपाक करता करता त्या म्हणाल्या, "हिंगाची डबी दे ग," आणि मी दिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची बरणी संपली. जेवायला बसल्यावर त्यांनी भाकरी मोडली, ताटात इकडेतिकडे पाहिलं.

"तुझ्यातलं मीठ जास्त झालंय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मालकीण म्हणत होती."

"मीठ बरोबर आहे, आत्याबाई."

"बघू," त्या म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं. मी फोड वाढली. त्यांनी ती भाकरीला लावून खाल्ली, सावकाश, खालमानेनं. मग म्हणाल्या, "जास्तच आहे जरा." आणि ताट पुन्हा पुढे केलं.